अंगठेबहाद्दर

काही गोष्टी माणसानं माळ्यावर टाकाव्यात, मोडीत घालू नयेत. त्या परत येतात. बेलबॉटम पँट परत आली. तांब्याचा तांब्या परत आला. ज्या नाचणीला आमच्या लहानपणी पाहुण्यांसमोर ताटात यायची चोरी होती, ती आता रंगीत खोक्यात बसून मॉलमधल्या बासमतीकडं नाक वर करून बघते. रिटायर झालेली माणसंसुद्धा सल्लागार म्हणून त्याच ऑफिसात, त्याच खुर्चीत परत येतात. त्यांचं कुणी ऐकत नाही ही गोष्ट वेगळी. पूर्वीही ऐकत नव्हतं, पण तेव्हा निदान त्यांची सही लागायची.

या परतलेल्या पाहुण्यांच्या पंगतीत हल्ली आणखी एक पान वाढावं लागतंय. ते म्हणजे व्हिडिओ गेम. नवा नव्हे, जुना! ज्याच्या नावानं १९८० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तमाम आईबापांनी बोटं मोडली, ‘पोरगं वाया गेलं’ या वाक्याचं मूळ कारण म्हणून ज्याच्याकडं बोट दाखवलं गेलं, तोच खेळ आता त्याच आईबापांच्या हातात मोबाइल होऊन बसला आहे. आणि पोरगं (जे आता पन्नाशीचं आहे) दारात उभं राहून म्हणतंय, ‘आई, पुरे आता, डोळे जातील!’ काव्यगत न्याय म्हणतात तो हाच असावा.

हा इतिहास शिकायला मी कुठल्या ग्रंथालयात गेलो नाही. वडिवळ्याला गेलो.

वडिवळे हे माझ्या मामांचं गाव. पुणे-लोणावळा लोकलनं कामशेतला उतरावं आणि नाणे मावळात शिरणारी जीप पकडावी. जीपमध्ये जागा किती आहे, असं विचारू नये. जागा जीपमध्ये नसते, जीपवाल्याच्या मनात असते. दोन्ही बाजूंना भातखाचरं, समोर डोंगर आणि डोंगरांच्या कुशीत वडिवळे धरण. इतर गावांना पाऊस पडतो, वडिवळ्याला तो मुक्कामालाच येतो. आवणी उरकली, की माणसाला ओट्यावर बसून पागोळ्या मोजण्याखेरीज काम राहत नाही. मोबाइलची रेंज म्हणाल, तर ओट्याच्या कोपऱ्यातल्या खांबाला टेकून मान थोडी डावीकडं कलती केली की येते. त्या घरातल्या सगळ्यांच्या माना मला हल्ली एकाच बाजूला झुकलेल्या दिसतात. लग्नाचं स्थळ बघायला आलेल्या मंडळींना ते घराण्याचं वळण वाटत असेल.

अशा भर श्रावणात, ओट्यावर बसल्या बसल्या मी घरातल्या मंडळींची हजेरी घेतली. ऐंशीच्या घरातले मामा पडद्यावर साप चारत होते. मामी गोळ्या फोडत होत्या. (त्या खेळाचं इंग्रजी नाव त्यांना ठाऊक नाही. त्यांच्या लेखी तो ‘गोळ्यांचा’ खेळ.) शाळेला सुट्टी पडलेला धाकटा नातू एका पळणाऱ्या माणसाला खड्ड्यांवरून उड्या मारायला लावत होता. आणि सूनबाई खांबाजवळची मोक्याची जागा पकडून माहेरच्या बहिणीशी लुडो खेळत होत्या. चार माणसं, चार फोन, चार खेळ. आणि गंमत अशी, की या चारांतला एकही खेळ नवा नव्हता. घर मावळातलं असलं तरी ओट्यावर व्हिडिओ गेमचं म्युझियमच भरलं होतं.

आता थोडा इतिहास. घाबरू नका, सनावळ्या फार नाहीत.

१९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीनं ‘पाँग’ नावाचं यंत्र काढलं. दोन काठ्या आणि एक चेंडू, म्हणजे टेबल टेनिसचा सांगाडा. पहिलं यंत्र एका दारूच्या गुत्त्यात ठेवलं. थोड्याच दिवसांत ते बंद पडलं म्हणून तक्रार आली. दुरुस्तीला माणूस गेला आणि उघडून बघतो तो बिघाड काहीच नाही, नाण्यांचा डबा भरून तुंबलेला! यंत्र बंद पडण्याचं इतकं सुखाचं कारण त्यानंतर कुठल्याही मेकॅनिकला सापडलेलं नाही. आमच्या स्कूटरला तर कधीच सापडलं नाही.

या यंत्रावर खेळाच्या सूचना होत्या. मुख्य सूचना एका ओळीची: चेंडू चुकवू नका, म्हणजे गुण वाढतील. संपलं! यापेक्षा जास्त लिहून उपयोगच नव्हता. कारण गुत्त्यातल्या माणसानं आयुष्यात व्हिडिओ गेम पाहिलेला नव्हता, आणि दोन पेले झाल्यावर तो वाचणार तरी किती? ही एक ओळ नीट लक्षात ठेवा. पुढं मामींच्या संदर्भात ती कामाला येणार आहे.

१९७६ मध्ये अटारीनंच विटा फोडण्याचा ‘ब्रेकआउट’ काढला. १९७८ मध्ये जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला. वरून रांगेनं उतरणारे परग्रहवासी, खालून तुमची एकुलती एक तोफ. यात एक मौज होती. शत्रू जसजसे मरत, तसतसे उरलेले जोरात धावत. खेळणाऱ्याला वाटे, काय हुशारीनं रचलंय! खरं कारण निराळंच होतं. बिचाऱ्या यंत्राला एवढी चित्रं काढता काढता धाप लागायची. चित्रं कमी झाली, की त्याचा हात चालायचा. आमच्या ऑफिसातही हेच होतं. माणसं रिटायर होत गेली, की उरलेली जोरात पळायची. मात्र त्याला कुणी ‘खेळ’ म्हटलं नाही.

मग १९८० मध्ये आला ‘पॅक-मॅन’. जपानच्या नामको कंपनीतल्या तोरू इवातानी या तरुणाच्या लक्षात आलं, की खेळघरांत सगळी पुरुषमंडळी गोळीबार करत बसलीत, बायका तिकडं फिरकत नाहीत. म्हणून त्यानं मारामारी बाजूला ठेवून खाण्यावरचा खेळ काढला. नायक म्हणजे एक पिवळा गोल, बाकी सगळं तोंड. बोळाबोळांतून हिंडायचं, ठिपके खायचे आणि चार भुतांना चुकवायचं. भुतं चारही स्वभावानं निराळी. लाल भूत सरळ पाठीमागं लागतं. गुलाबी पुढून वाट अडवतं. तिसऱ्याच्या मनात काय आहे ते कळत नाही. आणि चौथं अगदी जवळ येतं आणि ऐनवेळी पाठ फिरवून निघून जातं. नोकरीत माझं प्रमोशन असंच यायचं.

ही यंत्रं आमच्याकडं पोचली तेव्हा मी ऐन उमेदीत होतो. लोणावळ्याच्या बाजारात, चिक्कीच्या दुकानांच्या ओळीत, पडदा लावलेला एक गाळा होता. आत अंधार, उदबत्तीचा वास आणि ‘टुंई टुंई’ असे आवाज. गल्ल्यावर बसलेल्या गृहस्थांचा दर ठरलेला होता: एका रुपयात तीन जीव. जगात इतका स्वस्त जीव नंतर कुठं मिळाला नाही. तीन जीव गेले, की पडद्यावर इंग्रजीत ‘खेळ संपला’ अशी अक्षरं यायची. खिशात दुसरा रुपया नसायचा. मग माणूस पडदा सारून बाहेर यायचा, उजेडाकडं बघून डोळे चोळायचा आणि घरी जायचा. हेही लक्षात ठेवा. खेळ संपायचा, आणि माणूस घरी जायचा.

१९८४ मध्ये मॉस्कोच्या एका सरकारी संगणक केंद्रात अलेक्सी पाजितनोव्ह यांनी ‘टेट्रिस’ रचला. त्यांच्या संगणकाला चित्रं काढताच येत नव्हती, म्हणून त्यांनी वरून पडणारे ठोकळे छापील कंसांचे केले. ठोकळे असे बसवायचे, की आडवी ओळ पुरी भरली पाहिजे. भरली, की ती नाहीशी होते. हा खेळ आमच्या कामशेतच्या जीपवाल्यांना उपजतच येतो. त्यांच्याकडं भरलेली ओळ नाहीशी होत नाही, एवढाच फरक. पुढं १९९० नंतरच्या काळात हेच ठोकळे हातात मावणाऱ्या प्लास्टिकच्या डबीत शिरले आणि बाजारात, जत्रेत, स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर मिळू लागले. डबीवर छापलेलं असे, ‘९९९९ इन १’. आत खेळ मोजून दहा-बारा. बाकीचे नऊ हजार नऊशे कुठं गेले, हे विचारायला हातगाडीवाला दुसऱ्या दिवशी त्या जागी नसे.

याच सुमाराला टीव्हीला जोडायची जपानी यंत्रांची नक्कलही घरोघर आली. खेळाची पेटी चालली नाही तर काढून तिच्यात जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा घालायची. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. पण चुलीला फुंकर मारणाऱ्या आज्यांची नातवंडंच ती, सवय रक्तातच होती.

इथपर्यंत हा इतिहास पोराटोरांचा होता. मामा-मामींचा प्रवेश व्हायला मोबाइल यावा लागला.

आपल्या देशात मोबाइलची पहिली घंटा १९९५ साली वाजली. सुरुवातीची कित्येक वर्षं मोबाइल म्हणजे काय चैन होती! फोन केला तर पैसे, आणि दुसऱ्याचा आला तरी पैसे. त्यामुळं घंटा वाजली, की लोक नंबर बघून घाईघाईनं बंद करायचे आणि समोरच्या वाण्याच्या दुकानातून उलट फोन लावायचे. २००३ नंतर येणारे फोन फुकट झाले. तोवर फोनमध्ये खरोखर फुकट अशी एकच वस्तू होती. साप!

हा साप नोकियाच्या फोनमध्ये १९९७ साली शिरला. तानेली आर्मान्तो नावाच्या फिनलंडच्या इंजिनियरनं तो फोनमध्ये घातला. पण सापाचं बीळ त्याहून जुनं. १९७६ मध्ये अमेरिकेत ‘ब्लॉकेड’ नावाचं यंत्र आलं होतं, त्यातली सरपटणारी रेघ हा त्याचा मूळपुरुष. मध्ये वीस वर्षं गेली. टीव्हीवरचे खेळ रंगीत झाले, भव्य झाले, आणि रेघेच्या खेळाला कुणी विचारीना. मग फोन आला. त्याचा पडदा काडेपेटीएवढा, रंग दोन (एक काळा आणि दुसरा काळा नसलेला), बटणं आकड्यांची, आणि मेमरी आमच्या साहेबांइतकी. या दरिद्री संसारात कोण नांदणार? जो दारिद्र्यातच जन्मला तोच. वीसेक वर्षांपूर्वीचा तो रेघेचा खेळ तिथं मापानं शिवल्यासारखा बसला. जुन्या यंत्रांची गरिबी आणि नव्या फोनची गरिबी यांची सोयरीक जुळली.

मामांचा पहिला फोन म्हणजे नोकिया ११००. २००३ चं मॉडेल. जगभर हा फोन पंचवीस कोटींच्या घरात खपला, असं म्हणतात. मामांनी तो घेतला डोक्यावरच्या बॅटरीसाठी. रात्री गोठ्यात जायला ती बरी पडे. फोन करता येतो हा जादा फायदा. त्यात दोन खेळ होते: एक साप, दुसरा विमानातून गोळ्या झाडायचा, म्हणजे ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या भावकीतला. मामांना विमान पटलं नाही. साप लगेच पटला. ‘ह्यो खातुय आन् वाढतुय, आन् शेवटाला सोताच्याच शेपटीवर आपटून मरतुय,’ मामांनी मला समजावून सांगितलं होतं. ‘आमच्या पंचायतीत असे लई झाले.’

२००७-०८ नंतर मोठ्या पडद्याचे, बटणं नसलेले फोन आले. आता जुन्या खेळांचं श्राद्ध घालायचं, असं जाणकारांनी ठरवलं. खिशात सिनेमा मावतो म्हटल्यावर रेघा-ठिपक्यांना कोण पुसतो? आणि झालं काय? २००९ मध्ये फिनलंडहूनच ‘अँग्री बर्ड्‌स’ आला. गोफणीनं पक्षी भिरकावायचा. म्हणजे कोन आणि जोर मोजून तोफ डागण्याचा जो खेळ संगणकाच्या बाळपणीच निघाला होता तोच, फक्त गोळ्याला पिसं लावली. २०११ मध्ये ‘टेंपल रन’ आला: पळा आणि उड्या मारा. ते काम मारिओ १९८५ पासून करत होता. २०१२ मध्ये ‘कँडी क्रश’ आला. तीन सारख्या गोळ्या ओळीत आणा, त्या नाहीशा होतील. ओळ जमवा आणि नाहीशी करा, ही युक्ती तुम्हाला मॉस्कोत भेटलीच आहे. गणपती तोच, मखर तेवढं नवं.

हे असं का व्हावं, यावर मी आपल्या परीनं विचार केला. पहिलं उत्तर सोपं. जुने खेळ दोन-चार मिनिटांत संपायचे, कारण यंत्रवाल्याला पुढचा रुपया हवा असे. आणि आपलं आजचं आयुष्य दोन-चार मिनिटांच्या तुकड्यांचंच आहे. लोकल मळवलीला थांबली, तीन मिनिटं. बँकेतल्या बाई ‘सर्व्हर डाउन’ म्हणाल्या, पाच मिनिटं. कुकरची दुसरी आणि तिसरी शिट्टी यांच्यामध्ये, अडीच मिनिटं. एवढ्या वेळात राज्यं जिंकता येत नाहीत. साप चारता येतो.

पण खरं उत्तर मला मामींनी दिलं. मामी शाळेत गेल्या नाहीत. कागदावर अंगठा उठवतात. आपल्या भाषेत अशा माणसाला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हसायची पद्धत आहे. मी त्यांना विचारलं, ‘मामी, हा खेळ तुम्हाला शिकवला कुणी?’

‘शिकवायचं काय त्यात?’ मामी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. ‘सारख्याला सारकं लावायचं. तांदूळ निवडताना मी काय निराळं करते व्हय?’

आणि मला गुत्त्यातली ती एक ओळ आठवली. चेंडू चुकवू नका. ते सगळे जुने खेळ अशा माणसांसाठी रचले होते, ज्यांनी तोवर एकही व्हिडिओ गेम पाहिला नव्हता. तेव्हा जगात तशीच माणसं होती! म्हणून त्या खेळांना वाचायला लागत नाही, पुस्तिका लागत नाही, पूर्वतयारी लागत नाही. पुढच्या पंचवीस वर्षांत खेळणारी पोरं पटाईत झाली, खेळ अवघड झाले, बटणं दोनाची दहा झाली, आणि बाकीचं जग बाहेर राहिलं. मग मोबाइल आला आणि एका झटक्यात कोट्यवधी नवशिके दारात उभे राहिले. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं, तेव्हा तर गावच्या गाव आलं. या मंडळींना पहिलीचंच पुस्तक हवं होतं. आणि पहिलीचं पुस्तक १९७२ ते ८४ या काळातच लिहून झालेलं होतं. १९७८ सालच्या टोकियोतला तो कारकून आणि आजच्या वडिवळ्यातल्या मामी एकाच इयत्तेत आहेत. आता सगळं जगच एका बोटानं खेळतं. सगळेच अंगठेबहाद्दर!

मामांचं याबाबतचं मत शेतीतून आलेलं आहे. ते म्हणतात, हा इंद्रायणीचा प्रकार. आमच्या मावळात पूर्वी आंबेमोहोर पिके. वास असा, की शिजला तर शेजाऱ्याला कळे. पण काडी उंच आणि नाजूक. वारा आला, की पीक आडवं. मग वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात या आंबेमोहोराचा आयआर-८ या बुटक्या, भरघोस वाणाशी संकर केला आणि १९८७ मध्ये इंद्रायणी तांदूळ निघाला. आज मावळ त्याच्याच नावानं ओळखला जातो. ‘वास जुना, काडी नवी,’ मामा म्हणाले. ‘नुसता वास टिकत न्हाई, आन् नुसत्या काडीला कोन खातंय?’ व्हिडिओ गेमच्या इतिहासावर याहून नेमकं भाष्य माझ्या ऐकण्यात नाही.

या पुनर्जन्मात आपल्या मुलखाचाही वाटा आहे, हे सांगायला मला पुणेकर म्हणून अभिमान वाटतो. (पुणेकराला अभिमान वाटायला एवढंही कारण लागत नाही, पण आहे ते सांगितलेलं बरं.) तो जपानचा पिवळा पॅक-मॅन आठवतो ना? त्याचा मोबाइलवरचा अधिकृत खेळ चालवण्याचं काम अलीकडच्या वर्षांत पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ या कंपनीकडं आलं. म्हणजे टोकियोच्या बोळांत जन्मलेलं पोर पुण्यात सांभाळायला दिलं. योग्यच झालं. बोळांतून वाट काढणं आणि समोरून येणाऱ्याला चुकवणं यात आमच्या पेठांचा हात कोण धरणार? दुपारी एक ते चार भुतं विश्रांती घेतात की कसं, एवढं मात्र मी अजून तपासलेलं नाही.

आणि सूनबाईंचा लुडो? तो तर व्हिडिओ गेमच्याही आधीचा, आपला पच्चीसीचा पट. इंग्रजांनी तो नेला, सोपा केला, १८९६ मध्ये लुडो म्हणून त्याचं पेटंट घेतलं आणि आपल्यालाच पुठ्ठ्यावर छापून परत दिला. २०१६ मध्ये नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीनं ‘लुडो किंग’ काढला आणि पट फोनमध्ये गेला. २०२० च्या टाळेबंदीत सगळा देश घरात कोंडला गेला, तेव्हा कोट्यवधी माणसं तो खेळली. आमच्याकडं सूनबाई वडिवळ्यात, बहीण नगरला, भाऊ ठाण्यात, आणि एकमेकांच्या सोंगट्या मारून भांडणं मात्र माहेरच्या ओसरीवरची. पाटावरच्या सापशिडीची कथाही अशीच. तिचा आपल्याकडचा मूळ पट मोक्षपट. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि शेवटच्या घरात मोक्ष. आता शेवटच्या घरात जाहिरात असते.

इथं मात्र जरा गंभीर व्हावं लागतं. जुने खेळ परतले खरे, पण येताना एक गोष्ट तिकडंच विसरून आले. शेवट. लोणावळ्याच्या गाळ्यात तीन जीव संपले की माणूस घरी जायचा. मामींच्या गोळ्यांच्या खेळात जीव पाच. ते संपले, की अर्ध्या तासानं एक एक परत उगवतो. थांबायची तयारी नसेल, तर विकतही मिळतो. मेलेला माणूस अर्ध्या तासानं उठून बसत असेल, तर त्याचे सोयरे घरी जाणार कधी? तेव्हा खेळाला रुपया पडायचा. आता खेळ फुकट असतो. आणि फुकट या शब्दाची किंमत आपण मराठी माणसं फार उशिरा विचारतो.

मामांचा थोरला नातू तळेगावला एका कारखान्यात नोकरीला आहे. कामसू पोरगा. दोन वर्षांपूर्वी त्यानं पॉवर टिलरसाठी साठवलेले अठ्ठावीस हजार रुपये पैशांच्या लुडोत घालवले. मामांना हे उमगेना. लुडोत पैसे जातात कसे? मग त्यानंच खाली मान घालून हिशेब सांगितला. समजा, दोघांनी दहा-दहा लावले. जिंकणाऱ्याला अठरा मिळतात. दोन चालवणाऱ्याचे. पुढचा डाव, पुन्हा दोन. कोणीही जिंको, कोणीही हरो, ते दोन चुकत नाहीत. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘पट त्योच हाय. पन पटाखाली सावकार बसलाय. माझ्या बापानं सावकाराच्या कागदावर आंगठा उठवला व्हता, त्यो फिटाया मला तीस वर्सं लागली. तू तर शिकल्याला. तू कशाला आंगठा दिलास?’

पोराला काही उत्तर देता आलं नाही. मलाही आलं नसतं. ‘मला अटी मान्य आहेत’ या चौकोनावर आपण सगळेच जण न वाचता जो अंगठा टेकवतो, त्यात आणि पणजोबांच्या अंगठ्यात फरक एवढाच, की त्यांच्या अंगठ्याला शाई होती.

लुडो हा नशिबाचा खेळ की कौशल्याचा, यावर मुंबई उच्च न्यायालयात २०२१ मध्ये याचिकासुद्धा झाली. (धर्मराजाला हा प्रश्न कुणी वेळेवर विचारला असता, तर महाभारत निम्म्या पानांत आटोपलं असतं.) अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा. बिनपैशांच्या खेळाला मोकळीक राहिली. कायद्यानं सावकार उठतात, की नुसते जागा बदलून बसतात, हे मावळातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. नातवानं मात्र त्यानंतर फोनमध्ये साप ठेवला, बाकीचे खेळ काढून टाकले. पॉवर टिलर अजून यायचा आहे.

तरीही मला वाटतं, हे जुने खेळ परत आले ते बरं झालं. नव्या, भव्य खेळांत नातू एकटाच कानाला यंत्र लावून लढत असतो, आजीला त्यातलं काही कळत नाही. सापाच्या खेळात कळतं. घरातल्या ऐंशीच्या माणसाला आणि आठ वर्षांच्या पोराला एकाच वेळी समजेल, आणि दोघांना सारखंच चिडवेल, अशी आपल्या घरांत आता दुसरी वस्तू उरलेली नाही. टीव्हीवर दोघांचं जमत नाही, जेवणात जमत नाही, झोपायच्या वेळा तर कधीच जुळल्या नाहीत. त्या एवढ्याशा पडद्यापुढं मात्र मामींचा अंगठा आणि नातवाचा अंगठा बरोबरीनं चालतो. बहुतेक वेळा मामीच जिंकतात. त्यांना तांदूळ निवडण्याचा साठ वर्षांचा अनुभव आहे.

माझ्यासारख्या रिटायर माणसाला तर या इतिहासानं फार धीर दिला. चाळीस वर्षांपूर्वीचं मॉडेल, मेमरी कमी, रंग दोनच, वेगही बेताचा. तरी कुठंतरी एखादा लहानसा पडदा रिकामा होतो आणि आपली आठवण निघते. आमच्या घरी अजून तशी निघालेली नाही. पण मी माळ्यावर आहे. मोडीत गेलेलो नाही.